षड्ज आणि सम

संगीत समजणें हें ज्यांनीं वर्षानुवर्षें गुरुगृहीं तपश्चर्या केली त्यांचेंच काम, अशी समजूत खेड्यापाड्यांतून फार दृढ आहे. नभोवाणीवर गवयाचा ख्याल सुरू झाला कीं ‘हें आपल्यासाठीं नाहीं’ असें म्हणून पुष्कळ श्रोते यंत्राचा कान पिरगाळतात. परंतु बार्शीहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील वैरागसारख्या गांवीं एकादशीच्या रात्रीं भजनास बसणाऱ्या माणसाला संगीताचीं मूलतत्त्वें परकीं नसतात. तीं त्याच्या कानांत व तळहातांत असतातच; फक्त त्यांचीं नांवें त्याला ठाऊक नसतात.

पहिलें तत्त्व स्वर. पत्र्यावर दगड पडला तर होतो तो गोंगाट; नियमित कंपांनीं उत्पन्न होऊन कानाला स्थिर वाटतो तो नाद. अशा एका नादाला गाणारा षड्ज, म्हणजे ‘सा’ मानतो, आणि बाकीचे स्वर त्याच्याशीं असलेल्या नात्यानें ओळखले जातात. नवशिक्याचा घोटाळा होतो तो येथेंच. षड्ज हा ठराविक उंचीचा स्वर नव्हे. गाणाऱ्यानें आपल्या गळ्याला मानवेल असा तो ठरविलेला असतो. एखादे बुवा ‘काळी एक’ धरतात, बायकांच्या भजनांत ‘काळी चार’ लागते. तरी अभंगाची चाल तीच राहते, कारण स्वरांमधील नातीं बदलत नाहींत. षड्जाचे कंप सेकंदाला २४० धरले तर पंचमाचे ३६० व तार षड्जाचे ४८० होतात.

या नात्यांचा साक्षीदार तंबोरा. पंढरपूरच्या आसपास पिकणारे भोपळे मिरजेस जातात व तेथील कारागीर त्यांचे तंबोरे घडवितात. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. तंबोऱ्याच्या चार तारांपैकीं पहिली बहुधा पंचमाची, मधली जोडी षड्जाची व शेवटची खर्जाची असते. गांधाराची तार नसतेच. तरीहि तारा नीट जुळल्या आणि घोडीवर जव्हारी साधली कीं गांधार आपोआप ऐकूं येतो. कारण १२० कंपांच्या खर्जाच्या तारेंत पांचपट, म्हणजे ६०० कंपांचा नादहि सूक्ष्मरूपानें वसत असतो, आणि तोच वरच्या सप्तकांतील शुद्ध गांधार होय.

पेटीचें तसें नाहीं. बहुतेक पेट्यांत सप्तकाचे १२ सारखे भाग केलेले असतात. त्यामुळें तिचा शुद्ध गांधार तंबोऱ्यांतील गांधाराहून किंचित् चढा लागतो, आणि मींड तर तिला घेतांच येत नाहीं. १९४० सालीं नभोवाणीनें पेटीला केलेला मज्जाव पुढें १९७१ पर्यंत टिकला, त्यामागें हेहि आक्षेप होते. भजनांतून पेटी उठवावी असा याचा अर्थ नव्हे. तिनें असंख्य गळ्यांना आधार दिला आहे. परंतु ज्या कानानें पेटीखेरीज स्वर ऐकलाच नाहीं, त्याला सुरेल-बेसूर पारखण्याचें दुसरें माप उरत नाहीं. तें माप वारकऱ्यांच्या मेळ्यांत वीणेकऱ्याच्या गळ्यांतच असतें. वीणा केवळ मानासाठीं न धरतां ती रोज जुळवून घेतली, तर गांवाचा कान शाबूत राहील.

दुसरें तत्त्व लय. आघातांमधील सारखें अंतर म्हणजे लय; तीच संथ असतां विलंबित, चालती असतां मध्य व जलद असतां द्रुत. लय मात्रांनीं मोजून आवर्तनांत बांधली कीं ताल होतो. भजनी ठेका ८ मात्रांचा, त्रिताल १६ मात्रांचा. आवर्तनाची पहिली मात्रा ती सम. ध्रुपद फिरून येतांच मृदंगाच्या थापेबरोबर सारे टाळ एकवटतात, त्या क्षणीं टाळकऱ्याला सम कोणी शिकवावी लागत नाहीं.

या दोन तत्त्वांवर रागाची इमारत उभी राहते. परंतु राग म्हणजे स्वरांची नुसती यादी नव्हे. भूप आणि देशकार या दोहोंतहि सा, रे, ग, प, ध हेच पांच स्वर लागतात. भूपांत गांधाराला मान, देशकारांत धैवताला. एक रात्रीच्या पहिल्या प्रहरीं गातात, दुसरा सकाळीं. एकाच घरच्या पांच माणसांत कर्ता बदलला कीं घराची रीत बदलते, तसेंच हें आहे.

तेव्हां पुढच्या खेपेस ख्याल कानीं पडला तर श्रोत्यानें यंत्र बंद न करतां दोनच प्रश्न मनाशीं विचारावे. सा कोठें आहे? आणि सम कोठें आहे? फिरून फिरून ज्या स्वराशीं येऊन कान विसावतो, तेथें बहुधा सा सांपडेल. तबल्याबरोबर ज्या ठिकाणीं मान नकळत डोलते, तेथें सम. हीं दोन ठिकाणें गवसलीं कीं गवई वाट सोडून कोठें गेला आणि कसा परतला हें कळूं लागतें. आणि गाण्याची गोडी लागते ती तेथूनच.