सेल्फ मारण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आयोजकांनी बोलायला सांगताना एकच अट घातली. आठवणी सगळेच सांगतात, तू जरा उपयोगाचं काहीतरी सांग. माझी पदवी मेकॅनिकलची आणि पोट चालतं सॉफ्टवेअरवर. दोन्हीकडे लागू पडेल असा एकच विषय सुचला. खोल पाण्यातून गेलेला ट्रक बंद पडला, तर बिघाड शोधायचा कसा?

हसू नका. आपण कृष्णाकाठची माणसं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरात, दुकानात, गोठ्यात पाणी होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. तिकडे शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला आणि ट्रकच्या रांगा दिवसचे दिवस उभ्या राहिल्या. पूर ओसरल्यावर आपल्या भागातल्या प्रत्येक गॅरेजच्या दारात गाड्यांची रांग होती. त्या रांगेत माझ्या दादाचा ट्रकही होता.

दादाचा हा एकच ट्रक. त्याच्यावर घर चालतं, बँकेचा हप्ताही चालतो. पाणी चढत होतं त्या दिवशी ड्रायव्हरने कुणी न सांगता गल्लीतल्या लोकांचं सामान उंचावर न्यायला सुरुवात केली. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला रस्त्यावरचं पाणी बंपरच्या वर आलं आणि ट्रक मध्येच बंद पडला. दुसऱ्या ट्रकने ओढून बाहेर काढला. पुढे चार दिवसांनी तो टोचन करून ज्या गॅरेजमध्ये आणला, ते गॅरेज आपल्याच वर्गातल्या एकाचं. नाव घेत नाही, तो समोरच बसलाय आणि आत्तापासूनच खाली बघतोय. मी तेव्हा पुण्याहून आले होते. तिथे उभं राहून जे पाहिलं, तेच सांगते.

पण आधी पाण्याची भीती नेमकी कशाची, ते सांगायला हवं. आपल्या विज्ञानाच्या सरांनी आठवीत एक सिरिंज दाखवली होती. पुढचं तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबला तर हवा दाबली जाते. पाणी भरून दाबलं तर दट्ट्या हलत नाही. डिझेल इंजिन म्हणजे हीच सिरिंज. आतली हवा पिस्टन साधारण १६ ते १८ पट दाबतो, त्यामुळे ती तापते आणि डिझेल पेट घेतं. तिथे हवेऐवजी पुरेसं पाणी आलं, तर पिस्टनला वर जायला जागाच उरत नाही. इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल, तर पिस्टन सेकंदाला २५ वेळा वर येतो. तो अचानक अडला की सगळा जोर कनेक्टिंग रॉडवर येतो आणि लोखंड वाकतं. वाकलेल्या रॉडवर इंजिन कधीकधी सुरूही होतं, थोडे दिवस चालतं, आणि मग एके दिवशी रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो.

म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला सेल्फ मारायचा नाही. आधी बॅटरीची वायर काढायची. टोचन करताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची. गिअरमध्ये टाकून ओढली, तर सेल्फपेक्षा मोठा घात होतो.

आता गॅरेजमधली गोष्ट. आपल्या मित्राने बॉनेटला हातच लावला नाही. दादाला म्हणाला, “तुम्ही चहा घेऊन या, पाचएक मिनिटं लागतील.” दादा गेल्यावर ड्रायव्हरला शेजारी बसवलं आणि विचारलं, “भावा, बंद पडताना कसा पडला? गुदमरत गुदमरत, का एका दणक्यात?”

या प्रश्नात निम्मं निदान आहे. डिझेलमध्ये पाणी मिसळलं किंवा हवा कमी पडली, तर इंजिन आचके देत, ताकद सोडत थांबतं. वायरिंगच्या जोडांत पाणी गेलं, तर बहुधा काही आवाज न करता बंद होतं. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं, तर धक्का देऊन थांबतं. ड्रायव्हर म्हणाला, “दोन आचके दिले आणि थांबला.” म्हणजे काहीच नक्की नाही.

मग एअर फिल्टर उघडला. कोरडा ठणठणीत. ट्रकचं हवा घेण्याचं तोंड केबिनच्या मागे उंचावर असतं, तिथवर पाणी पोचलंच नव्हतं. चहा घेऊन परतलेला दादा आणि जमलेले चार लोक खूश झाले. पाणी आत गेलेलं नाही, मारा सेल्फ!

मित्र ‘थांबा’ म्हणाला आणि दादाला पुन्हा कुठल्याशा कामाला पाठवलं. ड्रायव्हरला हळूच विचारलं, “पाण्यात असताना एकदा तरी सेल्फ मारलास ना?” ड्रायव्हरने दादासमोर चार दिवस ‘नाही’ सांगितलं होतं. आता म्हणाला, “एकदाच मारला. टक् झालं आणि थांबला. मग भ्यालो.”

त्या एका ‘टक्’वर पुढचं सगळं ठरलं. बॅटरी चांगली असताना सेल्फ टक् करून थांबतो, म्हणजे इंजिनाला आतून काहीतरी अडवतंय. फिल्टर कोरडा असला तरी पाणी आत आहे. मग शिरलं कुठून? फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा रबरी पाइप चाचपला, तर खालच्या जोडाचा क्लँप सैल. इंजिनाने तिथून हवेबरोबर पाणी ओढलं होतं, फिल्टरच्या पलीकडून.

सहाही नोझल काढले. पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. दोन सिलिंडरमधून गढूळ पाण्याची पिचकारी उडाली. नोझलच्या भोकातून बारीक सळई सोडून प्रत्येक पिस्टन किती वर येतो, ते मोजलं. पाच सारखे, एक किंचित खाली. म्हणजे एक रॉड वाकलेला.

पुढचं काम शांतपणे झालं. ऑइलच्या पट्टीवर पातळी वाढलेली आणि रंग दुधाच्या चहासारखा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून चेंबरचा नट सैल केल्यावर आधी पाणी आलं, मागून ऑइल. डिझेल फिल्टरखालच्या वाटीतलं पाणी काढलं. गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगचं ऑइल बदललं, कारण त्यांना हवेसाठी बारीक नळी असते आणि गरम हाउसिंग थंड पाण्यात पडलं की तिथून पाणी आत ओढतं. चाकांचं ग्रीस, ब्रेक, सेल्फ, अल्टरनेटर, सगळं उघडून सुकवलं. एक रॉड बदलला. सुरू झाल्यावर थोडा वेळ चालवून ऑइल पुन्हा बदललं.

खर्च झालाच. पण त्याच आठवड्यात त्याच गॅरेजमध्ये ब्लॉक फुटलेला दुसरा ट्रक उभा होता, गिअरमध्ये टाकून ओढलेला. त्याचं अख्खं इंजिन गेलं होतं.

शेवटी दादाने विचारलंच, “रॉड पाण्यात वाकला का ह्याने सेल्फ मारला म्हणून?” मित्र हात पुसत म्हणाला, “ते आता सांगता येत नाही. आणि विचारू पण नका. ह्याने खरं सांगितलं म्हणून पाच रॉड वाचले.” क्लँप कुणी सैल ठेवला, हेही त्याने विचारलं नाही. घट्ट केला आणि बाकीचे सगळे जोड तपासले. तो ड्रायव्हर आजही दादाकडेच आहे.

माझ्या कामात रात्री दोन वाजता फोन येतो, सर्व्हर बंद पडलाय. पहिली सूचना हमखास ठरलेली, ‘रीस्टार्ट करून बघू या का?’ रीस्टार्ट केलं की कधीकधी चालू होतं, पण कशाने बंद पडलं त्याच्या खुणा पुसल्या जातात. त्यानंतर ज्याने शेवटचा बदल केला त्याला सगळे घेरतात, आणि तो गप्प होतो. आपल्या भाषेत ‘दोष’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दोष कुणाचा, हे आधी विचारलं, तर दोष कुठे आहे ते सांगणारा माणूस तोंड उघडत नाही. माझ्या टीममध्ये आता मी आधी ‘काय दिसलं, काय ऐकलं’ एवढंच विचारते. ही रीत मी त्या गॅरेजमधून आणली.

आता पावसाळ्यासाठी चार गोष्टी लक्षात ठेवा. पाणी चाकाच्या मध्याच्या वर दिसलं, तर शक्यतो गाडी घालू नका. घालावीच लागली, तर पहिल्या गिअरमध्ये, सावकाश, समोरच्या गाडीची लाट ओसरल्यावर. बंद पडली तर सेल्फ मारू नका. आणि विम्याच्या साध्या पॉलिसीत पाण्याने अडकलेलं इंजिन बऱ्याचदा धरत नाहीत, त्याचं वेगळं संरक्षण आहे का, हे पॉलिसी घेतानाच विचारून घ्या.

जेवणाला अजून वेळ आहे. कुणाला गाडीबद्दल काही विचारायचं असेल, तर तो तिसऱ्या रांगेत बसलाय. आज सुटी आहे, फुकट सल्ला देणार नाही, असं त्याने मला आधीच बजावलंय. पण सरांनी विचारलं, तर नाही म्हणणार नाही.