खेळाडूची दुखरी कंडरा



टांचेच्या मागें, पोटरी जेथें निमुळती होत जाते तेथें, बोटांच्या चिमटींत एक जाड, ताठ दोरी सांपडते. आपणांपैकीं बहुतेक जण तिला 'शीर' म्हणतात. पण तींतून रक्त वाहत नाहीं. तिचें शास्त्रीय नांव कंडरा. सुश्रुतसंहितेंत अशा १६ कंडरा सांगितल्या आहेत. स्नायूनें ओढावें, कंडरेनें ती ओढ हाडापर्यंत पोंचवावी आणि मग पाय हलावा, असा हा व्यवहार आहे. दोरांत जसे पुष्कळ धागे एका दिशेनें बसविलेले असतात, तसे हिच्यांत कोलॅजन नांवाचे तंतु असतात. रक्ताचा पुरवठा मात्र स्नायूच्या मानानें फार थोडा. म्हणून स्नायूचें साधें दुखणें आठवड्या-दोन आठवड्यांत हटतें, तर कंडरेचें महिनोगणती रेंगाळतें.

मी वैद्य नव्हें. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों आणि वर्गाबरोबर खोखोचें मैदानही तीस वर्षें सांभाळलें. आज सांगणार आहें त्यांतील निम्में डॉक्टरांकडून शिकलों, आणि निम्में माझ्याच चुकीनें मला शिकविलें.

१९९१ सालची गोष्ट. आमच्या संघांत एक मुलगा होता. दुहेरी साखळीवर त्याच्यासारखा पळणारा आमच्या तालुक्यांत मीं दुसरा पाहिला नाहीं. सामन्यांपूर्वीं सराव एकदम दुप्पट केला, तोही उन्हानें दगडासारख्या झालेल्या मैदानावर. पुढें तो सांगूं लागला, ''गुरुजी, सकाळीं उठल्यावर पहिलीं दहा पावलें लंगडत टाकावीं लागतात. पळूं लागलों कीं दुखणें जातें. रात्रीं परत येतें.'' कंडरेच्या विकाराचें हें अगदीं ठळक लक्षण. मीं त्याचा अर्थ उलटा लावला. पळाल्यानें बरें वाटतें ना, मग आणखी पळ, असें म्हणालों. वर तेल लावून जोरानें रगडायलाही सांगितलें. महिन्याभरांत टांचेच्या वर सुपारीएवढा फुगवटा दिसूं लागला. तेव्हां घाबरून मी दुसऱ्या टोकाला गेलों. दोन महिने त्याला मैदानांत पाऊल ठेवूं दिलें नाहीं. दुखणें थांबलें, आम्हांला आनंद झाला, आणि मीं त्याला थेट सामन्यांत उतरविलें. दुसऱ्या डावांत तो खांबाजवळ वळला आणि तेथेंच बसला. कंडरा तुटली नव्हती. पण तो पुन्हा खोखो खेळला नाहीं. आजही भेटला कीं वांकून नमस्कार करतो, आणि माझी दृष्टि त्याच्या टांचेकडे जाते.

'टेंडनायटिस' या नांवांत दाह गृहीत धरलेला आहे. परंतु जुनाट दुखण्यांतील कंडरेचे अंश सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिले, तेव्हां दाहाच्या पेशी फारशा आढळल्या नाहींत. आढळले ते विस्कटलेले तंतु. म्हणून पुष्कळ डॉक्टर आतां 'टेंडिनोपथी', म्हणजे कंडरेचा विकार, हें नांव पसंत करतात. कंडरा ताण सोसूनच बळकट होते. ताण एकाएकीं वाढला तर तिला दुरुस्तीस उसंत मिळत नाहीं. तो अजिबात काढून घेतला तर ती दुबळी होते. मीं हे दोन्ही अपराध क्रमानें केले होते.

स्वीडनचे हाकान आल्फ्रेडसन व त्यांचे सहकारी यांनीं १९९८ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध केला. टांचेच्या कंडरेच्या जुनाट दुखण्यानें बेजार झालेल्या १५ जणांकडून त्यांनीं १२ आठवडे एक व्यायाम करून घेतला, आणि ते सर्व पुन्हा धांवूं लागले. पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहावें, चांगल्या पायाच्या बळावर वर उचलावें, मग एकट्या दुखऱ्या पायावर भार घेऊन टांच हळूहळू पायरीखालीं सोडावी. गुडघा ताठ ठेवून पंधराचीं तीन आवर्तनें, वांकवून तितकींच. सकाळीं आणि संध्याकाळीं. दिवसाकांठीं १८० झालीं. सोपें वाटूं लागलें कीं पाठीवर ओझें घ्यावें. हा आंकडा कांहीं वेदवाक्य नव्हे. जड वजन सावकाश उचलण्याच्या पद्धतीनेंही तसाच गुण येतो, असें पुढें दिसून आलें. मात्र कंडरा हाडाला जेथें चिकटते तेथेंच दुखत असेल, तर टांच पायरीखालीं सोडूं नये, सपाट जमिनीवरच थांबावें. व्यायामांत थोडें दुखलें तर भिऊं नये. दुसऱ्या सकाळीं ताठरपणा वाढला, तर भार कमी करावा.

कोपराचेंही असेंच. २००४ सालीं सचिन तेंडुलकर यांच्या कोपरानें दगा दिला. २००५ च्या मे महिन्यांत लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि ऑक्टोबरांत नागपुरास त्यांनीं ९३ धावा काढल्या. सर्वांना शस्त्रक्रिया लागते असें मात्र नाहीं. स्टेरॉइडच्या इंजेक्शनानें कोपराला कांहीं आठवडे आराम पडतो, पण वर्षभरानें पाहिलें तर इंजेक्शन न घेतलेलेच पुष्कळदां अधिक बरे असतात. पळतांना मागून कोणी लाथ मारल्यासारखें वाटलें आणि चवड्यावर उभें राहतां येईना, तर कंडरा तुटली असें समजून त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. तसेंच सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांनीं कंडरा कमजोर होऊं शकते. २००८ सालीं अमेरिकेच्या औषधखात्यानें तसा ठळक इशारा दिला. तीं औषधें चालूं असतांना टांच दुखूं लागल्यास डॉक्टरांना लगेच सांगावें.

२०१२ सालीं आमच्या मुलींच्या संघांतील एकीची टांच अशीच धरली. या वेळीं मीं तिला फिजिओथेरपिस्टकडे नेलें. तिचे वडील मजवर रागावले. ''गुरुजी, पायरीवर खालीं-वर करून का दुखणें जातें? एक इंजेक्शन द्या आणि पोरीला खेळूं द्या!'' त्या वर्षींचे सामने तिचे हुकले. चार महिने शाळेच्या व्हरांड्याची पायरी हेंच तिचें मैदान होतें, आणि आवर्तनें मोजण्याचें काम माझें. मध्येंच मी आंकडा विसरलों कीं पुढचा आंकडा तीच सांगे.