नामांकित रोगी आणि शेजारची खाट

आमच्या राधानगरीकडे बोलण्याची एक रीत होती. घरातलं माणूस फार आजारी झालं, वैदूचे काढे झाले, गावदेवाला नारळ झाला आणि तरी गुण येईना, म्हणजे जाणती माणसं म्हणायची, "आता मिरजेला न्या." डॉक्टरचं नाव नाही, इस्पितळाचं नाव नाही; नुसतं मिरज म्हटलं की समजायचं. फोंडा घाट चढून येणारे कोकणातले लोकही हेच म्हणायचे. राधानगरीपासून कोल्हापूरपर्यंत बैलगाडी आणि तिथून पुढं आगगाडी, असा तो प्रवास. कोल्हापूर-मिरज हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. तो झाला नसता, तर भोगावतीच्या खोऱ्यातल्या कितीतरी लोकांना मिरजेचं तोंड दिसलं नसतं.

आज तुमच्याशी बोलायचं आहे ते अशा इस्पितळांविषयी. धर्मसेवेच्या भावनेनं कुणीतरी चालवलेली, गोरगरिबांसाठी उघडलेली आणि मग मोठमोठ्या माणसांच्या पायधुळीनं नावारूपाला आलेली ही इस्पितळं. पायधूळ हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण आपली समजूत अशी असते, की अमका राजा किंवा अमकी नटी जिथं बरी झाली, ते इस्पितळ चांगलं. ही समजूत अगदीच खोटी नाही. पण ती पुरी खरीही नाही.

मिरजेचंच पाहा. विल्यम जेम्स वानलेस हे मूळचे कॅनडातले. अमेरिकेत वैद्यक शिकून १८८९ साली ते इकडे आले. पत्नी मेरी याही त्यांच्याबरोबर होत्या. आधी सांगलीत लहानसा दवाखाना, मग मिरज. मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, अमेरिकेतल्या एका दानशूर गृहस्थानं पैसा दिला आणि १८९४ साली मिशनचं इस्पितळ उभं राहिलं. हे मिशन प्रेस्बिटेरियन पंथाचं, म्हणजे प्रॉटेस्टंट, कॅथलिकांचं नव्हे. आपल्याकडे सगळ्यांनाच सरसकट 'मिशनवाले' म्हणण्याची सवय आहे, म्हणून एवढं सांगितलं.

जागेची निवड मात्र वाखाणण्यासारखी. मिरज हे जंक्शन. पुण्याकडून, बेळगावकडून, कोल्हापुरातून गाड्या येऊन मिळायच्या. रोगी आपण होऊन दाराशी येत. आणि वैद्यकाच्या बाबतीत मिरजेचं नाव अगदी नवंही नव्हतं. कुरुंदवाडच्या एका मुलाच्या डोळ्यांना शोभेच्या दारूनं इजा झाली, तेव्हा त्याला मिरजेच्या डॉक्टर भडभड्यांकडेच आणलं होतं. दृष्टी पूर्ववत झाली नाही, पण मुलाचा गळा गोड आहे हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी गाणं शिकायचा सल्ला दिला. तो मुलगा पुढं पंडित विष्णु दिगंबर पलुसकर म्हणून देशभर गाजला. ही मिशन येण्याच्या आधीची हकीकत. रोगी नामांकित व्हायच्या आधीच डॉक्टरांच्या हाती लागला, असं हे एक उदाहरण.

वानलेससाहेबांचा हात शस्त्रक्रियेत चाले. मोतीबिंदू काढून घेऊन डोळ्यांवर पट्टी बांधलेली माणसं परत गावी जात, आणि पट्टी सुटली की तीच माणसं इस्पितळाची जाहिरात होत. संस्थानिक आले, सरदार-जहागीरदार आले, सावकार आले. त्यांच्याकडून फी घेतली जाई, आणि ती भरपूर घेतली जाई. त्या पैशावर शेजारच्या खाटेवरचा फुकट रोगी पोसला जाई. हे त्या इस्पितळाचं मर्म. परदेशातून येणारी देणगी इमारतीला पुरते. रोजचा कापूस, रोजचं औषध, रोजच्या दिव्याचं तेल हे इथंच मिळवावं लागतं. तेव्हा राजेसाहेबांचं गळू कापलं, की मागं दहा मजुरांची सोय होत असे, असं म्हणायला हरकत नाही.

त्यांनी आणखी एक केलं, ते मला राजेसाहेबांच्या शस्त्रक्रियेपेक्षा मोठं वाटतं. इथल्याच मुलांना त्यांनी हाताशी घेऊन वैद्यक शिकवलं, मुलींना परिचारिकेचं काम शिकवलं. महारोग्यांसाठी वेगळं इस्पितळ झालं. क्षयरोग्यांसाठी सांगली-मिरजेच्या दरम्यान आरोग्यधाम झालं. त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. १९२८ साली इंग्रज सरकारनं त्यांना 'सर' केलं, त्याच साली ते निवृत्त झाले आणि १९३३ साली अमेरिकेत वारले. पुढं १९६२ साली मिरजेत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालं, तेव्हा सुरुवातीच्या विद्यार्थ्यांना रोगी पाहायला मिळाले ते याच मिशन इस्पितळातल्या खाटांवर.

आता कॅथलिकांकडे वळू. त्यांच्या धर्मभगिनी शाळा चालवत, अनाथालयं चालवत, रोग्यांची शुश्रूषा करत. मग इस्पितळांच्या कामात त्या इतक्या उशिरा का उतरल्या, असं कुणी विचारील. कारण मोठं गमतीचं आहे, आणि थोडं दुःखाचंही. व्रतस्थ भगिनींनी शस्त्रक्रिया आणि बाळंतपण करू नये, असा रोमचा निर्बंध होता. आणि आपल्या देशात तर पडद्यातली बाई पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायला तयार नसे. म्हणजे जिथं बाई-डॉक्टर हवी, तिथंच तिला मनाई. स्कॉटलंडच्या डॉक्टर अॅग्नेस मॅक्लारेन यांनी रावळपिंडीत बायकांसाठी इस्पितळ काढायला लावलं आणि ही मनाई उठावी म्हणून रोमला अर्ज-विनंत्या केल्या. त्यांचा धागा ऑस्ट्रियाच्या डॉक्टर अॅना डेंगेल यांनी उचलला. १९२५ साली त्यांनी वैद्यक करणाऱ्या भगिनींचा संघच स्थापला. निर्बंध उठायला १९३६ साल उजाडलं. त्याआधी ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टर मेरी ग्लाउरी यांना मात्र खास परवानगी मिळाली होती. १९२० साली त्या आंध्रात गुंटूरला आल्या, तिथंच राबल्या, आणि १९४३ साली देशभरच्या कॅथलिक इस्पितळांना त्यांनी एका संघटनेत आणलं.

या सगळ्या खटपटीचं फळ तुम्हांला मुंबईत दिसेल. बांद्र्याला होली फॅमिली म्हणून इस्पितळ आहे. ते उर्सुलाइन भगिनी चालवतात. बांद्रा म्हणजे सिनेमावाल्यांची वस्ती, तेव्हा या इस्पितळाच्या दाराशी कोण उतरलं याची खबर वर्तमानपत्राला सर्वांआधी लागते. पण या इस्पितळाचं नाव २०२१ साली देशभर झालं ते कुणा नटामुळं नव्हे, एका कैद्यामुळं.

फादर स्टॅन स्वामी हे जेसुइट पंथाचे धर्मगुरू. झारखंडात आदिवासींमध्ये त्यांनी आयुष्य काढलं. एल्गार परिषद प्रकरणात आरोपी म्हणून २०२० च्या ऑक्टोबरात त्यांना अटक झाली आणि तळोजाच्या तुरुंगात ठेवलं. वय त्र्याऐंशी, अंगात कंपवात. हात इतके थरथरत, की पेला ओठाशी नेता येईना. नळीचा पेला मिळावा म्हणून अर्ज करावा लागला, हे तुम्ही त्या वेळी वाचलं असेल. मुंबई उच्च न्यायालयानं २८ मे २०२१ रोजी त्यांना होली फॅमिलीत हलवायला सांगितलं, खर्च त्यांच्याकडचाच. तिथं गेल्यावर करोनाची बाधा असल्याचं निघालं. ५ जुलैला त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू असतानाच इस्पितळाच्या डॉक्टरांनी न्यायालयाला कळवलं, की ते वारले. खटला उभाच राहिला नव्हता. आरोप खरे की खोटे, हे आता त्यांच्यापुरतं कुणी ठरवणार नाही.

इथं मला जुनी एक रात्र आठवते, म्हणजे वाचलेली. १२ जानेवारी १९२४. येरवड्याच्या तुरुंगातून महात्मा गांधींना पुण्याच्या ससून इस्पितळात आणलं होतं. आंत्रपुच्छाचा दाह. मुंबईहून ओळखीचे डॉक्टर येईतो थांबण्यासारखी स्थिती नव्हती. कर्नल मॅडॉक या इंग्रज सर्जननं सुरी हाती घेतली. बाहेर वादळ होऊन विजेचे दिवे गेले आणि शस्त्रक्रिया कंदिलाच्या उजेडात पुरी झाली. विचार करा, त्या कर्नलच्या मनावर केवढं ओझं असेल! रोगी दगावला असता तर देश पेटला असता. शस्त्रक्रियेला आपली संमती आहे, हे गांधीजींनी आधीच लेखी दिलं होतं आणि नामदार श्रीनिवास शास्त्री त्या वेळी तिथं हजर होते. ५ फेब्रुवारीला सरकारनं त्यांना सोडलं. ससून हे सरकारी इस्पितळ, तिथं मिशन नाही. पण बंदिवान खाटेवर आला की डॉक्टरला सरकार आणि रोगी यांच्यामध्ये उभं राहावं लागतं, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

रोमच्या जेमेल्ली इस्पितळाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. कॅथलिक विद्यापीठाचं हे इस्पितळ. १३ मे १९८१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा त्यांना तिथंच नेलं. पुढं ते इतक्यांदा तिथं दाखल झाले, की थट्टेनं त्याला तिसरं व्हॅटिकन म्हणू लागले. पोप फ्रान्सिस यांनीही २०२५ साली फेब्रुवारी-मार्चचे अडतीस दिवस तिथंच काढले. दहाव्या मजल्यावर पोपसाठी खोल्या राखलेल्या असतात. खालच्या मजल्यांवर मात्र रोमचा रिक्षावाला म्हणा, भाजीवाला म्हणा, आपला पाय प्लास्टरात घालून पडलेला असतो. मजले वेगळे, रक्त तपासणारी प्रयोगशाळा एकच.

आता तुम्ही म्हणाल, पोपचं आणि राजेसाहेबांचं ऐकलं, यात राधानगरीच्या माणसाचं काय? दाजीपूरच्या रानात मध काढताना पडलेल्या माणसाला तिसऱ्या व्हॅटिकनचा उपयोग कोणता? बरोबर आहे. म्हणून वानलेससाहेबांची ती जुनी रीत पुन्हा काढतो. मोठ्याच्या फीमधून लहानाची खाट. त्या काळी हे डॉक्टरच्या मर्जीवर होतं. आता महाराष्ट्रात ते कायद्यानं बांधलेलं आहे, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं.

धर्मादाय म्हणून नोंदलेलं मोठं इस्पितळ असेल, मग ते कॅथलिक भगिनींचं असो, पारशी पंचायतीचं असो की आणखी कुणाचं, त्याला मुंबई उच्च न्यायालयानं घालून दिलेली योजना २००६ पासून लागू आहे. शंभर खाटांत दहा खाटा निर्धन रोग्यांना फुकट. आणखी दहा दुर्बल घटकांना सवलतीत. आणि बाकीच्या रोग्यांकडून जे बिल वसूल होईल, त्याच्या शंभर रुपयांमागं दोन रुपये निर्धन रोगी निधीत टाकायचे. म्हणजे बांद्र्याला एखादी नटी चार दिवस राहून गेली, तर तिच्या बिलातले दोन टक्के कुणा अनोळखी हमालाच्या औषधासाठी बाजूला पडले पाहिजेत. तातडीचा रोगी असेल, तर अनामत रकमेसाठी त्याला दारात अडवायचं नाही, असंही त्या योजनेत आहे.

आता एवढं सगळं असून खाट का मिळत नाही? तर ती मागितली जात नाही म्हणून. आणि मागितली, तर कागद नसतो म्हणून. खिडकीवरचा कारकून आपण होऊन सांगेल, ही आशा बाळगू नका. तुम्हीच विचारायचं : "इथं समाजसेवा अधीक्षक कुठं बसतात? निर्धन रोग्यांच्या किती खाटा आज रिकाम्या आहेत?" असं नेमकं विचारणाऱ्याला परतवणं कठीण जातं. नाहीच दाद लागली, तर जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

कागद कोणते, तेही सांगतो. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका. उत्पन्नाची मर्यादा सरकार वेळोवेळी बदलतं, तेव्हा ती चालू वर्षाची विचारून घ्या. आपली तहसील कचेरी राधानगरीतच आहे. रोगी खाटेवर पडल्यावर नातेवाइकानं मुंबईहून उलटा धावत येण्यापेक्षा, दाखला आधीच काढून पत्र्याच्या पेटीत ठेवावा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आमच्याकडचा पाऊस पेटीतही शिरतो. आणि मोठ्या इस्पितळाला निघताना भाकरीच्या फडक्याबरोबर तोही घ्या. झेरॉक्स दोन-तीन असू द्या, मूळ प्रत हातची सोडू नका.