जुना पूल : ठेवायचा की उतरवायचा?

(मंडळाच्या गणेशोत्सवात इच्छापोर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली आहे, महाप्रसादाला अजून वेळ आहे. मधल्या या अर्ध्या तासात पुलांवर भाषण कशाला, असे काही जणांच्या मनात आले असेल. पण आपल्या सभासदांच्या वाटेत पूल काही कमी नाहीत. इच्छापोरहून सुरत स्टेशनला जायचे तर तापी ओलांडावी लागते. बडोद्याकडे निघालो की भरुचला नर्मदा येते. गणपतीला कोकणात गावी जाणाऱ्यांना महाडजवळ सावित्री लागते आणि कोल्हापूरकरांना घराच्या उंबऱ्याशी पंचगंगा. त्या सगळ्या नद्यांवर कधी ना कधी एक जुना पूल होता किंवा अजून आहे. आणि प्रत्येक ठिकाणी एकच वाद झाला : हा पूल जपायचा की पाडायचा?

हे भाषण आम्ही तिघा-चौघांनी मिळून तयार केले आहे. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नाही. हजीरा पट्ट्यातल्या कारखान्यांत देखभाल आणि तपासणी करण्यात आमची वर्षे गेली. त्यामुळे जुन्या लोखंडाकडे पाहण्याची एक सवय लागली आहे, तीच आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी घराजवळून सुरुवात करू. सुरत शहरात तापीवर १८७७ मध्ये होप पूल झाला. कलेक्टर थिओडोर होप यांचे नाव त्याला दिले गेले. शहर आणि रांदेर-अडाजणची बाजू त्याने जोडली. आज नदीच्या या काठावर जी वस्ती वाढली आहे, तिची सुरुवात अशा पुलांनी केली.

त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १८७७ मध्ये, भरुचला नर्मदेवर एका मोठ्या पुलाचे काम सुरू झाले. तोच आपण सगळे ओळखतो तो गोल्डन ब्रिज. त्याआधी १८६० च्या सुमारापासून तिथे रेल्वेने पूल बांधायचा आणि नर्मदेने तो पुरात मोडायचा, असे अनेकदा झाले. शेवटी १६ मे १८८१ रोजी हा पूल पुरा झाला. लांबी सुमारे १४०० मीटर आणि सगळा मिळून खर्च त्या काळचा ४५ लाखांहून अधिक. एवढ्या पैशांत सोन्याचा पूल झाला असता, असे लोक म्हणू लागले आणि नाव पडले ते कायमचेच. १९३५ मध्ये शेजारी रेल्वेचा नवा सिल्व्हर ज्युबिली पूल झाला, तेव्हा रेल्वेचा भार उतरला आणि गोल्डन ब्रिज मोटारींच्या कामाला लागला. १२ जुलै २०२१ रोजी बाजूला नर्मदा मैया पूल खुला झाला आणि या म्हाताऱ्याच्या खांद्यावरून मोटारीही उतरल्या.

या पुलाचे नशीब कुठे चांगले ठरले, हे लक्षात घ्या. त्याचे काम दोनदा हलके झाले आणि दोन्ही वेळा हलके करण्याआधी शेजारी दुसरा पूल उभा राहिला. म्हणून तो आज १४० वर्षांनंतरही उभा आहे.

आता कोल्हापूरला जाऊ. पंचगंगेवरचा शिवाजी पूल दगडी कमानींचा, १८७० च्या दशकातला. तो अरुंद झाला, थकला, म्हणून शेजारी पर्यायी पूल बांधायला घेतला. पण जवळच ब्रह्मपुरी टेकडी आहे. सातवाहन काळातली वस्ती आणि पोसायडन या समुद्रदेवतेची कांस्यमूर्ती जिथे १९४० च्या दशकात सापडली, तीच ही टेकडी. संरक्षित स्थळापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे अर्धा झालेला नवा पूल तसाच राहिला आणि सगळी वाहतूक जुन्या पुलावरूनच चालू राहिली. २६ जानेवारी २०१८ च्या रात्री एक मिनीबस जुन्या पुलाचा कठडा तोडून नदीत पडली आणि १३ जण गेले.

इथे कमान ढासळली नव्हती. वारसा जपणारा कायदाही वाईट नव्हता, ब्रह्मपुरी जपायलाच हवी. पण निर्णय लांबला आणि तोपर्यंतचा सगळा भार जुन्या पुलाने वाहिला. टेकडी, जुना पूल आणि नवा पूल या तिघांनाही जागा होती. वेळेवर कुणी तिघांना एका कागदावर आणले नाही.

महाडचा सावित्री पूल तुम्हाला आठवतच असेल. तोही ब्रिटिश काळातला, दगडी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदीला पूर असताना तो वाहून गेला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला धोकादायक नसल्याचा अहवाल होता, असे नंतर विधानसभेत सांगण्यात आले. मग नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला केला. एवढ्या झपाट्याने पूल बांधता येतो, हे कौतुकाचे आहे. पण ते आधी का झाले नाही, हा प्रश्न गणपतीला गावी जाताना प्रत्येक वेळी त्या पाण्याकडे बघून मनात येतोच.

पाहणी करूनही पूल कसा जातो? दगडी पुलाचे दुखणे बहुधा वर दिसत नाही. पुराचे पाणी खांबाच्या पायथ्याशी भोवरा धरते आणि पायाखालची माती, वाळू, गोटे उकरून नेते. वरून कठडे रंगवलेले, डांबर गुळगुळीत, आणि खाली पाया उघडा. म्हणून पाण्याखाली उतरून पाया पाहिल्याशिवाय केलेली पाहणी म्हणजे दाराशी उभे राहून रोग्याची चौकशी करण्यासारखे आहे.

लोखंडी पुलाचे दुखणे वेगळे. आमच्या कारखान्यात एखादे जुने भांडे किंवा पाइप केवळ वय झाले म्हणून भंगारात जात नाही. अल्ट्रासॉनिक यंत्राने त्याची जाडी मोजतात. समजा, भिंत १२ मिलिमीटर उरली आहे, सुरक्षिततेला किमान ८ लागतात आणि दरवर्षी ०.२ मिलिमीटर गंज खातो. मग उरलेल्या ४ मिलिमीटरला ०.२ ने भागायचे. हाती २० वर्षे. तरीही २० वर्षे कुणी वाट पाहत नाही. निम्मा काळ सरायच्या आत पुन्हा मोजतात, कारण गंजाचा वेग बदलतो. क्रेनच्या दोराचेही तसेच. ठरलेल्या लांबीत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त तारा तुटलेल्या दिसल्या की दोर बदलायचा. तिथे चर्चा नाही, भावनाही नाही.

हा साधा नियम मोरबीला पाळला गेला असता, तर? तिथला झुलता पूल १८७९ चा, गावाचे भूषण. दुरुस्ती करून २६ ऑक्टोबर २०२२ ला, गुजराती नववर्षाच्या दिवशी, तो पुन्हा उघडला. ३० ऑक्टोबरला तुटला. १३५ माणसे गेली, त्यांत कितीतरी लहान मुले. चौकशी पथकाच्या प्राथमिक अहवालात एक ओळ आहे. तुटलेल्या मुख्य केबलमध्ये ४९ तारा होत्या; त्यांपैकी २२ आधीच गंजलेल्या होत्या आणि त्या अपघातापूर्वीच तुटलेल्या असाव्यात. म्हणजे नवी फळी, नवा रंग, नवे तिकीट, आणि दोर मात्र जुनाच.

मोरबीचा पूल कुणी पाडायला निघाले नव्हते. तो जपलेलाच होता. म्हणून आम्ही असे म्हणतो की, जपणे हा शब्द फार सांभाळून वापरावा. रंग देणे म्हणजे जपणे नव्हे.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, एवढी कटकट कशाला, जुने सगळे पाडा आणि नवे बांधा. त्यांना आम्ही आपल्याच राज्यातले गंभीरा दाखवू. बडोदा आणि आणंद जिल्ह्यांना जोडणारा, मही नदीवरचा तो पूल जेमतेम चाळीस वर्षांचा. ९ जुलै २०२५ रोजी सकाळी त्याचा एक गाळा कोसळला. ज्या काळात गोल्डन ब्रिजने रेल्वे आणि मोटारी वाहून दाखवल्या, त्याच्या एका तुकड्याएवढ्या काळात हा पूल संपला. तेव्हा वय हा निकष नाही. मोजमाप हा निकष आहे.

आणि पूल बंद केला असे म्हणणे म्हणजे काय, तेही पाहू. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. धोक्याची पाटी तिथे होती. पाटी वाचून आपण थांबतो का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. मुंबईत दरवर्षी गणेशोत्सवाआधी महानगरपालिका जुन्या पुलांची यादी काढते. चिंचपोकळी, करी रोडसारख्या पुलांवर एका वेळी १६ टनांपेक्षा जास्त भार नको, पुलावर थांबू नका, नाचू नका, असे सांगते. ढोल-ताशाच्या एका ठेक्यावर शेकडो पाय एकदम पडले की पुलाला बसणारा हिसका नुसत्या वजनापेक्षा जास्त असतो. हा नियम बाप्पाच्या विरोधात नाही. तो बाप्पाच्या भक्तांसाठीच आहे.

मग निर्णय कसा करायचा? आम्ही चार प्रश्न ठरवले आहेत. पहिला, या पुलाचा भार दुसरीकडे नेता येतो का? दुसरा, पाया आणि सांगाडा मोजून पाहिला आहे का, आणि तो आकडा कागदावर आहे का? तिसरा, दरवर्षीच्या देखभालीचा पैसा अंदाजपत्रकात आहे का? एकदाच मिळालेल्या निधीवर पूल जगत नाही. चौथा आणि सगळ्यांत महत्त्वाचा : शंका येताच पूल बंद करण्याचा अधिकार कुणा एका माणसाला दिला आहे का, आणि त्याचे नाव सगळ्यांना माहीत आहे का?

चारही उत्तरे होकारार्थी असतील, तर पूल जपावा. अहमदाबादचा एलिस ब्रिज पाहा. १८७५ च्या पुरात लाकडी पूल वाहून गेल्यावर हिंमतलाल भचेच या इंजिनिअरने तो पोलादात बांधला, १८९२ मध्ये. खर्च अंदाजापेक्षा कमी झाला म्हणून उलट त्यांच्यावरच संशय आला, चौकशी बसली आणि काम चोख असल्याचे सिद्ध झाले. शंभरी ओलांडल्यावर त्याच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे पूल उभे केले आणि मधल्या म्हाताऱ्याला मोटारींतून सुट्टी दिली. पुण्यात बंडगार्डनच्या १८६९ च्या फिट्झजेराल्ड पुलालाही अशीच निवृत्ती मिळाली.

उत्तरे नकारार्थी असतील, तर पूल मानाने उतरवावा. मुंबईचा १८६८ चा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये पाडला. खालून लोकल धावत होत्या, तिथे भावना चालणार नव्हती. पण त्याच्या दगडांवर पुलाचे नाव इंग्रजी, मराठी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत कोरलेले होते. असे दगड जपता येतात, मोजमापांचे नकाशे जपता येतात, छायाचित्रे जपता येतात. स्मृतीला भार वाहायला लावायची गरज नाही.

आपल्या परंपरेत दोन्ही शब्द आहेत. देऊळ खचले तर जीर्णोद्धार, मूर्ती भंगली तर विसर्जन. दोन्हींत श्रद्धा कमी होत नाही. भंगलेली मूर्ती रंगवून पुन्हा पाटावर मांडणे मात्र आपण कधी करत नाही.

गोल्डन ब्रिजबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. तो राहावा, पायी चालणाऱ्यांसाठी. एका वेळी किती माणसे, हे मोजून ठरवावे. प्रत्येक मोठ्या पुरानंतर पाया तपासावा आणि त्या तपासणीची तारीख पुलाच्या दोन्ही टोकांना लिहावी, जशी लिफ्टमध्ये लिहिलेली असते. डागडुजी करताना त्या काळचे लोखंड ओळखणारा माणूस हवा. १८८० च्या सुमाराच्या घडीव लोखंडात मळीचे थर असतात, आजच्या पोलादासारखे त्याला वेल्डिंग मारून चालत नाही. एवढे करायची तयारी नसेल, तर तो जपला असे कुणी म्हणू नये.

शेवटी एक विनंती. या वर्षी गावी जाल तेव्हा आपल्या ओढ्यावरचा साकव, नदीवरचा पूल नीट पाहा. ग्रामपंचायतीत किंवा बांधकाम विभागात एवढेच विचारा : याची शेवटची तपासणी कधी झाली, पाण्याखाली कुणी उतरले होते का? तोंडी उत्तर मिळाले नाही, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. मिळालेली उत्तरे मंडळाकडे पाठवा. पुढच्या स्मरणिकेत त्यांना दोन पाने द्यावीत, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवतो.

 गणपती बाप्पा मोरया!