इंटर्नशिपचा दरवाजा कोणासाठी उघडतो?

(आपल्या मंचाच्या सभेत केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना भरले आहेत.)



'विद्यार्थी आणि नोकरीच्या संधी' हा विषय मला दिला गेला तेव्हा अपेक्षा बहुधा अशी असावी की रेझ्युमे कसा लिहावा, मुलाखतीत काय बोलावं, हे मी सांगेन. तेही थोडं सांगणार आहे. पण आधी आपल्याबद्दल बोलायचं आहे. आपण म्हणजे वीस-पंचवीस वर्षं या देशात नोकरी केलेले, आता कुठे मॅनेजर तर कुठे डायरेक्टर झालेले लोक. विद्यार्थ्याला संधी कोणीतरी द्यावी लागते, आणि देणाऱ्यांमध्ये आता आपण आहोत.

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मला दोन प्रकारच्या मेल येतात. पहिलीची सुरुवात 'हाय काका' अशी असते. मुलगा किंवा मुलगी इथेच जन्मलेली, गणपतीच्या कार्यक्रमात मी त्यांना लहानपणापासून पाहिलेलं. मेलच्या आधी त्यांच्या बाबांचा फोन येऊन गेलेला असतो. दुसरीची सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी असते. हा विद्यार्थी नांदेडहून, चंद्रपूरहून, जळगावहून मास्टर्स करायला आलेला. माझं आडनाव मराठी दिसलं, एवढ्या ओळखीवर त्याने लिहिलेलं असतं. मेल लांबलचक, इंग्रजी अवघडलेलं, सोबत तीन पानी रेझ्युमे आणि त्यात वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती सगळं.

दोघांचं वय सारखं, विषयही पुष्कळदा सारखा. पण पहिल्याचा उन्हाळा हुकला तर तो पुढच्या उन्हाळ्यात प्रयत्न करू शकतो. दुसऱ्याच्या मागे घड्याळ लागलेलं असतं. ते कसं चालतं हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना नीट ठाऊक नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

एफ-वन व्हिसावर आलेला विद्यार्थी ऑगस्टमध्ये इथे उतरतो. बँकेचं खातं, भाड्याची खोली, बसचा रस्ता हे समजेपर्यंत सप्टेंबर येतो आणि विद्यापीठातला करिअर फेअरही येतो. मोठ्या कंपन्या पुढच्या उन्हाळ्याची इंटर्नशिप तेव्हाच भरायला लागतात. कॅम्पसबाहेर काम करायला सीपीटीची परवानगी लागते, आणि ती साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते. दीड-दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये उन्हाळा येतो एकच. त्या एका उन्हाळ्यातली इंटर्नशिप चांगली झाली तर तीच कंपनी पुढे नोकरी देण्याची शक्यता मोठी. म्हणजे विमानातून उतरल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत मुलगा काय करतो, यावर पुढचं बरंच काही ठरतं. हे त्याला आधी सांगणारं घरात कोणी असलं तर तो जूनमध्येच तयारी करून येतो. नसलं तर त्याला हे ऑक्टोबरमध्ये कळतं.

पदवीनंतर ओपीटीचे बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्यांना २००८ साली आणखी सतरा महिने मिळाले आणि २०१६ च्या नियमाने त्याचे चोवीस झाले. पण पहिल्या बारा महिन्यांत बेरोजगार राहण्याची मुदत एकूण नव्वद दिवसांची आहे. नव्वद दिवस भरले आणि काम नसेल तर बॅग भरायची. त्यापुढे एच-वन-बी : वर्षाला पासष्ट हजार, आणि इथल्या मास्टर्सवाल्यांसाठी आणखी वीस हजार.

इथे आपल्यातलं कोणीतरी नक्की म्हणणार, 'आम्हाला कोणी मदत केली होती? आम्ही स्वतःच्या हिमतीवर आलो.' मीही हे वाक्य पुष्कळदा वापरलं आहे. मी २००१ साली आलो. त्या वर्षी एच-वन-बीची मर्यादा एक लाख पंच्याण्णव हजार होती. २००१ ते २००३ ही तीनच वर्षं ती एवढी होती, २००४ मध्ये पुन्हा पासष्ट हजारांवर आली. माझी हिंमत होती हे खरं, पण दरवाजाही तिप्पट रुंद होता.

आता माझी एक गोष्ट सांगतो. ती सांगायची नव्हती, पण न सांगता बाकीचं बोलणं खोटं वाटेल.

२०२३ च्या फेब्रुवारीत मला एक 'रिस्पेक्टेड सर' मेल आली. मराठवाड्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. डिसेंबरमध्ये मास्टर्स संपलेलं, ओपीटी नुकतीच सुरू झालेली. त्याच्या आधीच्या वर्षापासून आमच्या क्षेत्रात नोकरकपात चालू होती, त्यामुळे जागा कमी होत्या. त्याने नोकरी मागितली नव्हती. 'सर, माझा रेझ्युमे पाहाल का आणि दहा मिनिटं बोलाल का,' एवढंच होतं. मेल वाचून मी बायकोला म्हणालो, बघ, अजून लग्न झालंय की नाही ते लिहितात रेझ्युमेत. दोघंही हसलो. रविवारी निवांत उत्तर देऊ म्हणून तारांकित करून ठेवली.

त्याच महिन्यात एका मित्राचा फोन आला. त्याच्या मुलाला उन्हाळ्यासाठी काहीतरी हवं होतं. मी त्याच संध्याकाळी एका सहकाऱ्याशी बोललो आणि आठवड्यात त्याचं काम झालं. मुलगा हुशार आहे, त्याने काम चांगलं केलं, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मे महिन्याच्या शेवटी मेलबॉक्स साफ करताना ती तारांकित मेल समोर आली. लाज वाटून मी लगेच उत्तर लिहिलं, की आज-उद्या फोन कर. दोन दिवसांनी त्याचं उत्तर आलं. दोनच ओळी होत्या. 'सर, उत्तर दिल्याबद्दल आभारी आहे. माझे नव्वद दिवस संपल्यामुळे मी मागच्या आठवड्यात गावी परत आलो.'

मी त्याला नोकरी देऊ शकलो असतो का? कदाचित नाही. पण मला एक गोष्ट माहीत होती, जी त्याला बहुधा माहीत नव्हती. त्या पहिल्या ओपीटीत आठवड्याला किमान वीस तास, आपल्या विषयातलं, कायद्यात बसणारं बिनपगारी कामही काम म्हणून धरलं जातं. विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत त्याने असं काम धरलं असतं आणि विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात नोंदवलं असतं तर घड्याळ थांबलं असतं. ही माहिती सांगायला मला दोन मिनिटं लागली असती, आणि मी तीन महिने घेतले. वडिलांनी काय गहाण ठेवून त्याला पाठवलं होतं, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही. आणि आता परत येणं अधिक अवघड झालं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावणारा आदेश निघाला. इथे शिकत असलेल्यांच्या व्हिसाबदलाला तो लागू नाही असं पुढे ऑक्टोबरमध्ये स्पष्ट झालं, पण एकदा देश सोडून गेलेल्याला त्याची झळ थेट लागते.

बिनपगारी कामाचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दलही बोललं पाहिजे, कारण पुरोगामी म्हणवणाऱ्यांची तिथेच अडचण होते. 'ब्लॅक स्वान' चित्रपटाच्या निर्मितीत बिनपगारी इंटर्न म्हणून राबलेल्या दोन तरुणांनी २०११ मध्ये फॉक्स सर्चलाइटवर दावा लावला. कॉफी आणणं, जेवणाच्या ऑर्डरी घेणं, यात कसलं शिक्षण, असा त्यांचा मुद्दा होता. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने हे कर्मचारीच आहेत असं म्हटलं. २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि कसोटी दिली : या व्यवस्थेत मुख्य फायदा कोणाचा, इंटर्नचा की मालकाचा? २०१८ मध्ये कामगार खात्यानेही हीच कसोटी उचलली. त्याच वर्षी इंटर्नना पगार देण्यासाठी अमेरिकन संसदेने स्वतंत्र पैसे मंजूर केले. व्हाइट हाउसच्या इंटर्नना मात्र पगार मिळायला २०२२ ची शरद उजाडावी लागली.

इतकी वर्षं तिथे कोण जात होतं? ज्यांचे आईबाप उन्हाळाभर वॉशिंग्टनचं घरभाडं भरू शकत होते ते. त्यात आपलीही मुलं होती. ज्याला उन्हाळ्यात किराणा दुकानाच्या काउंटरवर उभं राहून पुढच्या सत्राची फी जमवायची असते, तो कितीही हुशार असला तरी जाऊ शकत नव्हता.

आणि आपल्या संस्थांचं काय? आपण देणग्या देतो त्या संस्थांपैकी काहींची वेबसाइट, हिशेब, अहवाल विद्यार्थीच फुकट करतात. आपण त्याला 'सेवा' म्हणतो. एका संस्थेच्या समितीवर मी स्वतः आहे आणि तिथे मीही ते चालवून घेतलं. दुसऱ्या बाजूला, घड्याळाला घाबरलेल्या मुलांना फुकट राबवणारे, उलट 'ट्रेनिंग'चे म्हणून त्यांच्याकडूनच पैसे घेणारे दलालही आहेत. म्हणजे बिनपगारी काम एखाद्याला वाचवतंही आणि तेच लुबाडण्याचं साधनही होतं. मी याचं सोपं उत्तर घेऊन आलेलो नाही. मात्र ज्याला पगार देणं आपल्याला शक्य आहे त्याला तो दिलाच पाहिजे, एवढं तरी मान्य करू.

भारतातही हाच प्रश्न आहे. २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पंतप्रधान इंटर्नशिप योजना जाहीर झाली. पाच वर्षांत एक कोटी तरुणांना मोठ्या पाचशे कंपन्यांत एक वर्षाची इंटर्नशिप, महिना पाच हजार रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला सहा, आयटीआय-पदविकाधारकाला आठ आणि पदवीधराला दहा हजार रुपये ठरले. कल्पना चांगली आहे. पण पुण्यात कॉट बेसिसवर राहून मेसचा डबा लावला तर पाच हजारांत महिनाअखेर काय उरतं, हे तिथे शिकलेल्यांना मी सांगायला नको. आपल्यापैकी ज्यांच्या कंपन्यांची पुण्यात किंवा नागपुरात ऑफिसं आहेत त्यांनी तिथल्या इंटर्नला किती पैसे मिळतात, हे एकदा विचारावं.

मग 'मेरिट'चा प्रश्न येतो. मी ज्याची शिफारस करतो तो गुणी असतोच. पण मी शिफारस करतो ती मला माहीत असलेल्या गुणी मुलांतून, आणि मला माहीत असलेली मुलं कोण? माझ्या कॉलेजची, माझ्या सोसायटीतली, आणि स्पष्टच बोलायचं तर पुष्कळशी माझ्याच जातीतली. मुद्दाम केलेलं नसतं, तरी यादी तशीच निघते. मागे मी केलेल्या शिफारशी आठवून कागदावर लिहून काढल्या. चौदा नावं निघाली, त्यातली अकरा मुंबई-पुण्याची. आडनावं मी इथे वाचत नाही.

१९१३ साली बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, कोलंबियात शिकायला आले. आपण ते अभिमानाने सांगतो. पुढचा भाग कमी सांगतो. १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी ते बडोद्याला गेले तेव्हा त्यांना शहरात राहायला जागा मिळाली नाही. कोलंबियाचं शिक्षण होतं, दरबारची नोकरी होती, पण घर नव्हतं. त्या अनुभवाची आठवण त्यांनी ज्या लेखनात सांगितली त्याचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. शिष्यवृत्तीने विद्यापीठाचा दरवाजा उघडतो. त्यापुढचा दरवाजा माणसांनी उघडावा लागतो, आणि आज आपण त्या माणसांत आहोत.

म्हणून चार गोष्टी सुचवतो.

एक, 'रिस्पेक्टेड सर' मेलला आठ दिवसांत उत्तर. 'माझ्याकडे काही नाही' हेही उत्तर चालतं. त्याला निदान दुसरीकडे वळता येतं.

दोन, वर्षाला निदान एक शिफारस आपल्या ओळखीच्या वर्तुळाबाहेरच्या विद्यार्थ्याची. आधी तासभर त्याच्याशी बोला, काम पाहा, आणि खरोखर पटलं तरच करा.

तीन, जुलै महिन्यात, मुलं अजून भारतात असतानाच, दोन रविवार फोनवर भेट. रेझ्युमे एका पानाचा करा, त्यातून फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव काढा, सप्टेंबरच्या फेअरची तयारी आताच करा, नोकरीसाठी कोणालाही पैसे देऊ नका, आणि व्हिसाच्या बाबतीत आमच्यासारख्या काकांवर विसंबू नका, विद्यापीठाच्या ऑफिसात विचारा. नियम बदलत असतात.

चार, आपण ज्या संस्थांना पैसे देतो त्यांना विद्यार्थ्यांच्या कामाचा मोबदला द्यायला सांगू. त्यासाठी देणगी वाढवावी लागली तर वाढवू.

त्या मुलाशी माझा अजून अधूनमधून पत्रव्यवहार आहे. तो औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एका छोट्या कंपनीत काम करतो आणि कर्ज फेडतो आहे. मागच्या पावसाळ्यात त्याने मला त्याच्या कॉलेजच्या एका मुलीचं नाव कळवलं. ती इथे येणार होती. 'सर, तिला सप्टेंबरचं आधीच सांगा,' असं त्याने लिहिलं होतं. त्या वेळी मी त्याच रात्री फोन केला.

मागच्या टेबलावर एक कागद ठेवला आहे. जुलैच्या दोन रविवारांसाठी ज्यांना वेळ आहे त्यांनी नाव लिहून जा. मला आठ जण हवे आहेत. माझं नाव धरून सध्या तीन झाले आहेत.