शुक्रतारा इंदूरहून उगवला

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



यंदाच्या उत्सवात आपण भावगीतगायक अरुण दाते यांची आठवण काढणार आहोत. त्यांची गाणी आपल्या घराघरांत आहेत. लग्नाच्या वाढदिवसाला ती हमखास लागतात आणि नंदीग्राम एक्स्प्रेसच्या प्रवासात मोबाईलवर कोणीतरी ती ऐकतच असते. पण आपल्या आदिलाबादकर मराठी माणसांना त्यांच्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटावी, असे एक कारण आहे. दातेही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी.

भावगीत कसे आले, ते आधी थोडक्यात पाहू. नाट्यसंगीताच्या काळात गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवावा लागे, ताना घ्याव्या लागत. मग ध्वनिमुद्रिका आली. तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. मायक्रोफोन आला आणि हळू गायलेला शब्दही ऐकू जाऊ लागला. १९३२ साली आपल्या शेजारच्या विदर्भातले जी. एन. जोशी यांनी मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गायली आणि मराठी भावगीताची वाट रुळली. पुढे गजानन वाटवे यांनी हेच गाणे गणेशोत्सवाच्या मांडवात आणून हजारो लोकांपुढे नेले. म्हणजे भावगीत आणि आपला हा उत्सव यांचे नाते जुने आहे.

अरुण दाते यांचा जन्म ४ मे १९३४ चा, इंदूरचा. मूळ नाव अरविंद. वडील रामूभैया दाते हे मोठे रसिक म्हणून ओळखले जात, पु. ल. देशपांडे यांनी त्यांचे व्यक्तिचित्र लिहिले आहे. मोठमोठ्या गवयांची त्या घरी ऊठबस होती. जवळच देवासला कुमार गंधर्व राहत. त्यांच्याकडे दात्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले आणि पुढे के. महावीर यांच्याकडे शिकले. शिक्षणासाठी ते मुंबईला आले, वस्त्रोद्योगाचे अभियंते झाले आणि अनेक वर्षे त्याच क्षेत्रात नोकरी केली. आपल्या जिल्ह्याचे पोट कापसावर, त्यांचे कापडावर! गाणे त्यांनी नोकरी सांभाळून केले, हे इथल्या नोकरदार आणि व्यापारी मंडळींनी ध्यानात घ्यावे. १९५५ पासून ते आकाशवाणीवर गाऊ लागले. ओढा मात्र उर्दू गझलेकडे होता.

संगीतकार श्रीनिवास खळे यांनी त्यांना मराठी गाणे गायला सांगितले, तेव्हा ते तयार होईनात. आपले मराठी इंदुरी वळणाचे, उच्चार बरोबर येणार नाहीत, असे त्यांना वाटे, असे सांगतात. शेवटी १९६२ साली ते गायले आणि ‘शुक्रतारा’ने इतिहास घडवला. आता या गाण्यामागची माणसे पाहा. कवी मंगेश पाडगावकर कोकणातल्या वेंगुर्ल्याचे. खळे यांचे लहानपण बडोद्यात गेलेले. सोबत गाणाऱ्या सुधा मल्होत्रा तर मराठी घरातल्याही नव्हेत. आणि दाते इंदूरचे. मराठीतले सर्वांत लाडके प्रेमगीत असे चार दिशांनी जमून आले. आजही ते ऐकताना गायकाच्या बोलीभाषेची चौकशी कोणी करीत नाही.

पाडगावकरांची कविता, खळे किंवा यशवंत देव यांची चाल आणि दात्यांचा आवाज, हे पुढे समीकरणच झाले. देवांचा आग्रह शब्दप्रधान गायकीचा. दात्यांच्या गाण्यात तो आग्रह सहज दिसतो. आवाज कुठे चढवलेला नाही, शब्द तोडलेला नाही. समोर बसून कोणी मनातले सांगावे तसे गाणे. ज्या उच्चारांची त्यांना धास्ती होती, त्याच उच्चारांसाठी लोक त्यांना ऐकू लागले. ‘शुक्रतारा’ याच नावाने त्यांनी रंगमंचावर अडीच हजारांहून अधिक कार्यक्रम केले. ६ मे २०१८ रोजी मुंबईत ते गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये यशवंत देवही गेले.

आता आपल्याकडे वळू. पैनगंगेच्या अलीकडे आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. निजामाच्या राजवटीत कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू आणि घरात मराठी, असा आपल्या वाडवडिलांचा रिवाज होता. १९५६ च्या भाषावार रचनेत किनवट, राजुरा पलीकडे गेले. आपण अलीकडे राहिलो. नकाशा बदलला तरी सोयरीक तुटली नाही. पण आपल्या मराठीत वऱ्हाडी हेल आहे, तेलुगूचे वळण आहे, दखनीचे शब्द आहेत. पुण्या-मुंबईचे पाहुणे आले की आपली मुले मराठी बोलायला कचरतात. “तुमचं मराठी वेगळंच आहे” एवढे कोणी हसून म्हटले, की पोर पुढचे वाक्य हिंदीत बोलते. असे चार वेळा झाले की ते घरातही मराठी बोलेनासे होते. भाषा जाते ती अशी. कोणी बंदी घालावी लागत नाही.

म्हणून दात्यांची गोष्ट मुलांना सांगायला हवी. उच्चाराच्या भीतीने ते गप्प बसले असते, तर मराठीचेच नुकसान झाले असते. घरचे वळण घेऊनच ते गायला उभे राहिले आणि शब्दावर मेहनत घेतली. मेहनत जरूर घ्यावी. लाज मात्र बाळगू नये.

आमची सर्वांना एक विनंती आहे. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत प्रत्येक घरातल्या एका मुलाने एक मराठी भावगीत तयार करावे. आधी आजी-आजोबांजवळ बसून त्याचे शब्द वाचावेत, अर्थ विचारावा, मग चाल बसवावी. तेलुगू माध्यमातल्या मुलाला देवनागरी जड जात असेल, तर तेलुगू लिपीत लिहून घ्यावे. गाणे काही रागावणार नाही. स्पर्धा नको, क्रमांक नकोत. आरतीनंतर रोज दोन मुले गातील आणि आपण सगळे ऐकू. हेल वऱ्हाडी असो की तेलुगू, टाळी सारखीच वाजली पाहिजे.

गणपती बाप्पा मोरया!