भर चौकातली फाशी कुणाला बघायची आहे?

(पालम येथे तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मघाशी चहा घेताना आपल्यातलाच एक जण मोबाईलवर निळ्या ड्रमचं रील दाखवत होता. मार्च २०२५ मध्ये मेरठला एका तरुणाचा खून झाला, ड्रममध्ये सिमेंट ओतून मृतदेह लपवलेला सापडला, आरोप पत्नीवर आला. तेव्हापासून त्या ड्रमवर विनोद सुरू आहेत. रीलखाली कमेंट होती, 'असल्या बाईला भर चौकात फाशी द्या.' तो मला म्हणाला, "मॅडम, चूक काय त्यात? शरियतमध्ये पण तेच आहे ना?" म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून याच्यावरच बोलते.

भर चौकात म्हणजे काय, ते काबूलने पाहिलं आहे. १६ नोव्हेंबर १९९९. गाझी स्टेडियम, फुटबॉलचं मैदान. झरमीना, सात मुलांची आई. झोपलेल्या नवऱ्याला हातोड्याने मारल्याबद्दल तालिबानने तिला दोषी ठरवलं होतं. हजारो लोक बसले होते. निळ्या बुरख्यातल्या तिला गाडीतून आणलं, मैदानात बसवलं आणि मागून बंदुकीने गोळी घातली. 'रावा' या अफगाण महिलांच्या संघटनेने हे लपून चित्रित केलं, म्हणून जगाला कळलं. मी ते पाहिलं आहे. तुम्ही बघा, असं म्हणणार नाही.

खून झाला होता, हे मी विसरत नाही. मेलेला माणूसही कुणाचा तरी मुलगा होता. पण त्या राजवटीत बाईला नोकरी नाही, मुलीला शाळा नाही, पुरुष नातेवाईक सोबत नसेल तर रस्त्यावर फिरणंही मुश्कील. घरात जाच झाला तर अशा बाईने जायचं कुठे? हा प्रश्न त्या मैदानात विचारायला जागाच नव्हती. तिथे फक्त गोळीची वाट बघायची होती.

आता शरियत. सूरह बकराची १७८वी आयत काढून बघा, घरी तर्जुमा असेलच. किसास आहे. पण त्याच आयतीत वारसांनी माफ करायची वाटही आहे, आणि तिला रबची सवलत आणि रहमत म्हटलं आहे. कुणी सूरह नूर दाखवेल, की शिक्षेला लोक हजर असावेत. ती आयत जिनाच्या शिक्षेबद्दल आहे, कतलीबद्दल नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अफगाणिस्तानातल्या फराहमध्ये तालिबानने मयताच्या बापाच्या हातात बंदूक दिली आणि त्याने लोकांसमोर गोळ्या झाडल्या. सगळी गर्दी, सगळे अधिकारी बघत असताना त्या बापाने 'माफ केलं' म्हणायचं कसं?

आणि हे फक्त तिकडचं, असं समजू नका. ऐंशीच्या दशकात राजस्थान हायकोर्टाने सुनेला जाळल्याच्या खटल्यात लछमादेवी नावाच्या बाईला जयपूरमध्ये जाहीर फाशी द्यायचा हुकूम केला होता. जागा सुचवली होती, स्टेडियम नाहीतर रामलीला मैदान! सुप्रीम कोर्टाने तो हुकूम रोखला. गुन्हा रानटी असला म्हणून शिक्षा रानटी असू शकत नाही, उघड्यावरची फाशी घटनेच्या कलम २१च्या विरोधात आहे, असा तो निकाल. पुढे तिची फाशीही जन्मठेपेवर आली. गुन्हा काही लहान नव्हता. तरीही.

आता आपल्याकडचं. एक बहीण माझ्याकडे आली होती. हातावर वळ. तीन वेळा माहेरी गेली, तीन वेळा मोठ्या माणसांनी 'सबर कर' म्हणून परत पाठवलं. मला म्हणाली, "बाजी, एक दिवस मी तरी मरीन, नाहीतर तो तरी." हे ऐकून मी रात्रभर झोपले नाही. तिला ना खुला कुणी सांगितला होता, ना १९३९चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा, ज्यात क्रूरता हे तलाक मागायचं कारण आहे. २००५च्या घरगुती हिंसाचार कायद्यात संरक्षण अधिकारी असतो, हेही माहीत नव्हतं. बाईला, तिची कमाई कितीही असो, विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. हे तर इथल्याही कितीजणांना ठाऊक आहे? हात वर करा.

बघा. चारच.

तिचा अर्ज आता कोर्टात आहे, तारीख पुढच्या महिन्यात. ती एकटी जायला घाबरते. सोबत कोण येणार असेल, त्याने चहाच्या वेळी मला नाव द्या.